तपासणीआधीची गोळी

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे बायकांच्या नेहमीच्या दुखण्यांपैकी एक. लघवी करताना आग होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, थेंब थेंब होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर दिसणे ही त्याची लक्षणे. संसर्ग मूत्राशयापुरता राहिला तर त्रास फार, धोका कमी. तोच मूत्रपिंडापर्यंत चढला की थंडी वाजून ताप भरतो, कुशीत आणि पाठीत कळा येतात, उलट्या होतात. जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतते. गेली साठ-सत्तर वर्षे हे दुखणे काही दिवसांच्या गोळ्यांनी बरे होत आले. आता त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांना जंतू दाद देत नाहीत. कोणती गोळी अजून चालते ते प्रयोगशाळा सांगू शकते; पण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात प्रयोगशाळा लांब आणि गोळी जवळ, अशी परिस्थिती आहे.

या संसर्गाच्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांमध्ये ई. कोलाय हा जिवाणू सापडतो. थिओडोर एश्चेरिश या डॉक्टरांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो पहिल्यांदा पाहिला. तो प्रत्येकाच्या आतड्यात असतो आणि तिथे सहसा काही बिघडवत नाही. त्याच्या काही जातींच्या अंगावर केसासारखे तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाला चिकटणारे प्रथिन. हे जिवाणू मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट धरून बसतात, लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाहीत, आणि अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब आणि गुदद्वारापासून जवळ, त्यामुळे हा प्रवास त्यांना सोपा जातो. क्लेबसिएला, प्रोटियस, एन्टरोकॉकस हे बाकीचे नेहमीचे जंतू. पुरुषांत हा आजार कमी. झाला तर प्रोस्टेट, मूतखडा, मधुमेह किंवा लघवीसाठी घातलेली नळी यांपैकी काहीतरी मागे असण्याची शक्यता जास्त.

जळजळ झाली म्हणजे जंतूच, असे मात्र नाही. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाणे तिथे बातमीही ठरत नाही. नेमक्या त्याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. सोबत नेलेले पाणी लवकर संपते, लघवी घट्ट होते आणि आग होते. लोक याला उन्हाळी लागणे म्हणतात. पाणी पोटात गेले की ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते आणि तिच्यासाठी प्रतिजैविक लागत नाही. पाण्याचा उपयोग एवढ्यावरच संपत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी रोज दीड लिटर जादा पाणी प्यायले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. इतका स्वस्त उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो, पण तो पाळायला बाईला प्यायचे पाणी आणि आडोसा दोन्ही मिळायला हवे. धानाच्या रोवणीच्या बांधीत किंवा तेंदूच्या फळीवर दोन्हींची वानवा असते, म्हणून बायका पाणीच कमी पितात.

जंतू औषधाला दाद देईनासा होतो तो अनेक मार्गांनी. काही जिवाणू औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतात. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे अशी निकामी होतात. काही जिवाणू आत शिरलेले औषध पंपासारख्या यंत्रणेने बाहेर फेकतात, काही आपल्या कवचातली छिद्रेच कमी करतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे जिवाणूच्या ज्या प्रथिनाला धरतात त्या प्रथिनाचा आकारच एखाद-दुसऱ्या जनुकीय बदलाने पालटतो आणि औषधाची पकड सुटते. असे बदल योगायोगाने होत राहतात. औषध घेतले की साधे जंतू मरतात आणि बदललेले उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत मग त्यांचीच प्रजा वाढते. याहून घातक गोष्ट म्हणजे प्लाझ्मिड. हे डीएनएचे छोटे वर्तुळ एक जिवाणू दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपीची चिठ्ठी फिरावी तसे ते फिरते, आणि एकाच चिठ्ठीवर पाच-सहा औषधांची उत्तरे लिहिलेली असू शकतात. देणारा ई. कोलाय आणि घेणारा क्लेबसिएला असला तरी चालते. सर्दीसाठी विनाकारण घेतलेल्या प्रतिजैविकाचाही इथे संबंध येतो: ते औषध आतड्यातल्या ई. कोलायवर काम करते, तिथे प्रतिरोधक जंतू निवडले जातात, आणि पुढे कधीतरी त्यांच्यातलाच एखादा मूत्राशयात पोचतो.

औषधे हातातून कशी निसटत गेली त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. नायट्रोफ्युरँटोइन १९५३ मध्ये आले, नॅलिडिक्सिक अॅसिड १९६०च्या दशकात, त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोल. १९८०च्या दशकात नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन आली. लघवीच्या तक्रारीवर ती इतकी सहज लागू पडत की भारतात ती गल्लीबोळातल्या मेडिकलमध्ये सुट्या गोळ्यांनी विकली गेली. ती निष्प्रभ होऊ लागल्यावर भिस्त सेफॅलोस्पोरिनांवर आली. त्यांना तोडणारे सीटीएक्स-एम-१५ नावाचे विकर दिल्लीत सापडलेल्या जिवाणूंतून २००१ मध्ये जगापुढे आले आणि पुढे सगळ्या खंडांत पसरले. मग राहिली कार्बापेनेम, म्हणजे इमिपेनेम आणि मेरोपेनेम ही शिरेतून द्यायची महागडी औषधे. त्यांनाही तोडणाऱ्या एनडीएम-१ या विकराचा शोध लघवीच्याच नमुन्यातून लागला. भारतात रुग्णालयात दाखल राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ मध्ये क्लेबसिएला सापडला, तो कार्बापेनेमांना जुमानत नव्हता. विकराच्या नावात नवी दिल्ली आल्यामुळे त्या वेळी बराच वाद झाला. नावाची चर्चा जितकी रंगली तितकी गोळ्यांच्या सुट्या विक्रीची रंगली असती तर बरे झाले असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांच्या जाळ्यातून प्रतिरोधाची माहिती गोळा करते. तिच्या अहवालांनुसार २०१७ मध्ये ई. कोलायच्या सुमारे ८१ टक्के नमुन्यांवर इमिपेनेम चालत होते. २०२३ मध्ये ते प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आले. सेफोटॅक्झिमसारखे तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन तर पाचातल्या एकाच नमुन्यावर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की २०२३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जिवाणू संसर्गांपैकी जगभरात दर सहातला एक प्रतिरोधक होता, आणि भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो तिथे दर तिनातला एक.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. ते मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत पोचलेल्या, आधीच दोन-तीन औषधे घेऊन झालेल्या, नळी लावलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचे आहेत. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या एखाद्या पाड्यावर पहिल्यांदाच जळजळ झालेल्या तरुण बाईच्या मूत्राशयातला ई. कोलाय इतका कसलेला असेलच असे नाही. तिच्यावर जुनी, साधी गोळी चालण्याची शक्यता बरीच जास्त. गावपातळीवरचे नमुने तपासले गेले तरच तिच्यासाठी योग्य औषध कोणते ते ठरवता येते. मोठ्या शहरांतले आकडे पाहून जंगलातल्या दवाखान्यातही थेट जबर इंजेक्शने सुरू केली तर तिथेही तसेच जंतू तयार होतील.

तपासणी कशी होते ते जवळून पाहिले म्हणजे अडचण लक्षात येते. बाईने आधी स्वच्छ धुवून, सुरुवातीची थोडी लघवी सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत धरायची. तंत्रज्ञ तारेच्या बारीक कडीने त्यातला ठरावीक थेंब घेऊन वाटीतल्या पोषक थरावर ओढतो आणि वाटी ३७ अंशांच्या पेटीत रात्रभर ठेवतो. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की नावाच्या थरावर ई. कोलायच्या गुलाबी वसाहती उगवलेल्या दिसतात. त्या मोजतात, एका मिलिलिटरला एक लाख किंवा त्याहून जास्त जिवाणू असतील तर संसर्ग धरण्याची रूढ पद्धत आहे. मग त्यांतली एक वसाहत दुसऱ्या वाटीवर पसरून वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या सहा मिलिमीटरच्या टिकल्या ठेवतात. आणखी एक रात्र जाते. ज्या टिकलीभोवती मोठे स्वच्छ वर्तुळ पडले ते औषध चालते. जिच्या कडेपर्यंत जंतूंची साय आली ते चालत नाही. वर्तुळाचा व्यास पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. याला कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी म्हणतात. खर्च फार नाही, पण दोन दिवस लागतात, आणि त्याहून कठीण अट अशी की नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा. नाहीतर तो फ्रिजमध्ये ठेवावा लागतो किंवा बोरिक अॅसिड घातलेल्या डबीत घ्यावा लागतो. उन्हात राहिलेल्या डबीत जंतू आपोआप वाढतात आणि अहवाल खोटा येतो.

आता हा नमुना गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडहून निघाला असे धरू. गडचिरोली शहर तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सिरोंचाहून ते आणखी लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, आणि हे दरवर्षीचे आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांसोबत झाले. तोवर सूक्ष्मजीवशास्त्राच्या सुसज्ज विभागासाठी चंद्रपूर, नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागे. नव्या महाविद्यालयाने या कामात बराच फरक पडू शकतो. मात्र दोन तासांची अट इमारतीने सुटत नाही. तिला ठिकठिकाणचे फ्रिज, डब्या आणि नमुने नेणारी गाडी लागते.

तपासणी नसली की अंदाजाने औषध दिले जाते, आणि या भागात अंदाज चुकायला जागा फार. पहिली गफलत होते ती स्त्रीरोगांशी. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी एकीला ३.६, आणि त्यांतला जवळपास निम्मा भार जंतुसंसर्गांचा होता. त्यापूर्वी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के. जगाने या अभ्यासाची दखल घेतली ती ग्रामीण स्त्रियांच्या न बोलल्या जाणाऱ्या दुखण्यांसाठी. पण प्रतिजैविकांच्या प्रश्नातही तो तितकाच उपयोगी पडतो. योनिमार्गाचा दाह असला तरी लघवी करताना आग होते. बाई लाजेने फक्त 'लघवीला आग होते' एवढेच सांगते, पांढरे जाते हे सांगत नाही, तपासणी होत नाही, आणि मूत्रमार्गाच्या गोळ्या दिल्या जातात. बुरशीमुळे झालेल्या दाहात त्या गोळ्या कामाच्या तर नाहीतच, उलट तो वाढवतात. आठवड्याने ती पुन्हा येते, तेव्हा 'जंतू जोरदार आहे' असे समजून आणखी वरची गोळी दिली जाते.

दुसरी गफलत हिवतापाची. गडचिरोली हा राज्यातला सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा. तिथे थंडी वाजून ताप आला की सगळ्यांच्या मनात पहिला येतो तो हिवतापच, आणि तसे यावेही. मूत्रपिंडाच्या संसर्गातही अगदी तसाच हुडहुडी भरून ताप येतो. पण हिवतापाच्या बाबतीत गावात एक सोय आहे. आशाताई बोट टोचून रक्ताचा थेंब किटवर टाकते, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही, आणि त्यावर गोळी ठरते. हिवतापाचे काही परजीवी क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले तेव्हा अंदाजाने क्लोरोक्विन वाटणे बंद करून तपासणी आणि नवी संयुक्त औषधे अशी पद्धत आणली गेली. लघवीसाठीही कागदी पट्टी मिळते. ती लघवीत बुडवली की नायट्राइट आणि पांढऱ्या पेशींच्या खुणा दोन मिनिटांत रंगाने कळतात. कोणते औषध चालेल ते पट्टी सांगत नाही. संसर्ग असण्याची शक्यता किती, हे मात्र बऱ्यापैकी सांगते, आणि निम्मी चूक तिथेच टळते. हिवतापाच्या किटइतकी ही पट्टी गावोगाव पोचलेली नाही.

औषध कोणाच्या हातून दिले जाते यावर नेहमी चर्चा होते. बोगस डॉक्टर, मेडिकलवाला, पुजाऱ्याकडे घालवलेले दिवस, हे सगळे खरे आहे. तरी गडचिरोलीचाच अनुभव वेगळे काही सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांच्या न्यूमोनियावर उपचार करण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक थेट गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि सुइणींच्या हाती दिले. दिले, पण आधी श्वास मोजायला शिकवून. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाची वाळूघडी असलेले साधन बनवले गेले. ठरलेल्या मण्यापलीकडे श्वास गेला तरच औषध. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बालमृत्यू घटल्याचे दिसले. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायका नवजात बाळांच्या जंतुदोषासाठी जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या, तेही ठरवून दिलेली चिन्हे दिसल्यावरच. १९९९च्या अहवालात तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याची नोंद आहे. ही दोन्ही औषधे मूत्रमार्गाच्या संसर्गातही वापरतात. चौथी शिकलेली बाई नियमाने प्रतिजैविक देऊ शकते आणि पदवीधर माणूस नियमाशिवाय देतो, तेव्हा मोजमापाचा आग्रह पदवीच्या आग्रहाइतकाच धरायला हवा.

एकच औषध वर्षानुवर्षे एकटे वापरले की ते जाते, हेही या भागाला नवे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे आनंदवन ज्या कुष्ठरोगासाठी उभे राहिले त्यावर एकट्या डॅप्सोनचा उपचार चाले. जंतू डॅप्सोनला सरावले, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषध उपचाराची शिफारस केली. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गात तशी दोन-तीन औषधे एकत्र देत नाहीत. तिथे उपाय आहे तो योग्य ते एकच औषध, योग्य तितकेच दिवस देण्याचा.

आणि ते योग्य औषध बहुतेक वेळा जुने असते. मूत्राशयापुरत्या संसर्गावर नायट्रोफ्युरँटोइन सत्तर वर्षांनंतरही ई. कोलायच्या बहुसंख्य नमुन्यांवर चालते. हे औषध लघवीत साचते, रक्तात आणि आतड्यात फारसे राहत नाही, आणि जिवाणूच्या एकाच नाही तर अनेक प्रथिनांवर घाव घालते. त्यामुळे त्याच्याविरुद्ध प्रतिरोध सहज तयार होत नाही. साधारण पाच दिवस ते घेतात. प्रोटियसवर मात्र ते चालत नाही, आणि मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गात त्याचा उपयोग नाही. फॉस्फोमायसिनची पूड पाण्यात कालवून एकदाच घ्यायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. नायट्रोफ्युरँटोइन, को-ट्रायमॉक्साझोल, जेंटामायसिन पहिल्या गटात येतात. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या. २०३० पर्यंत माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत असे सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरले. भारतातल्या दुकानांत दुसऱ्या गटाचाच खप मोठा आहे.

या दोन जिल्ह्यांत जुन्या औषधालाही एक स्थानिक अडचण येते, आणि बाहेरच्या मार्गदर्शक पुस्तिकांत तिच्यावर एखादीच ओळ असते. जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत तुलनेने जास्त आढळते. ही कमतरता असलेल्या माणसाला नायट्रोफ्युरँटोइन दिले तर तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट होऊ शकते, कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. हिवतापाच्या प्रायमाक्विनबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. ज्याला प्रायमाक्विनने कधी असा त्रास झाला आहे त्याने लघवीच्या तक्रारीच्या वेळीही डॉक्टरांना ते सांगायला हवे. सिकलसेलचे रुग्णही इथे बरेच आहेत. त्या आजारात मूत्रपिंडांना इजा होत राहते आणि मूत्रमार्गाचा संसर्ग जास्त वेळा व जास्त गंभीर होतो. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि लघवीचा त्रास एकत्र असेल तर कल्चर न करता औषध बदलत राहणे धोक्याचे.

गर्भारपणात चित्र आणखी बदलते. काहीच त्रास नसताना लघवीत जंतू असणे हे शंभरात दोन ते दहा गर्भवतींत आढळते. एरवी असे जंतू मुकाट सोडून द्यायचे असतात. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत लक्षणांवाचून जंतू सापडले म्हणून प्रतिजैविक देणे ही मोठ्या शहरांतलीही नेहमीची चूक आहे. गर्भवतीला मात्र उपचार करायचेच असतात, कारण न केल्यास त्यांतल्या बऱ्याच जणींचा संसर्ग मूत्रपिंडात चढतो आणि बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते. त्यात औषधांची निवड तोकडी: सिप्रोफ्लॉक्सासिन टाळायचे, को-ट्रायमॉक्साझोल पहिल्या तिमाहीत टाळायचे, नायट्रोफ्युरँटोइन दिवस भरत आल्यावर टाळायचे. म्हणजे जंतू कोणता आणि त्यावर काय चालते हे जिला सर्वांत आधी कळायला हवे ती गर्भवती. दुर्गम गावांतल्या गर्भवतींनी बाळंतपणाच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे म्हणून शासनाने माहेरघरे सुरू केली. पण लघवीचे कल्चर खूप आधी, पहिल्या काही महिन्यांत व्हायला हवे, आणि तेव्हा बाई गावातच असते.

रुग्णालयाच्या आतला धोका वेगळा. लघवीसाठी घातलेल्या नळीच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर धरतात, त्या थरात औषध नीट पोचत नाही, आणि नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा संभव दररोज वाढत जातो. शस्त्रक्रियेनंतर गरज संपताच नळी काढणे हे काम एकाही नव्या औषधावाचून होण्यासारखे आहे.

कायदा आहे. सेफिक्झिमसह तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने आणि कार्बापेनेम १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. पाकिटावरची तांबडी उभी रेघ लोकांना ओळखता यावी म्हणून २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोहीमही काढली. तालुक्याच्या गावातल्या दुकानात ही वही भरली जाते की नाही हे पाहायला अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक लागतात, आणि दोन जिल्ह्यांच्या विस्ताराच्या मानाने ते मोजकेच. कायद्याचा दुसरा पेचही मान्य करायला हवा. ज्या गावी डॉक्टरच पोचत नाही तिथे चिठ्ठीची सक्ती शंभर टक्के अमलात आणली तर खरोखर संसर्ग झालेली बाई औषधावाचून राहील. जगभरात गरीब भागांत प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्यानेही माणसे मरतात. म्हणून दुकानावर बंधन आणि उपकेंद्रावर पट्टी व जुने औषध, ही दोन कामे एकाच वेळी व्हावी लागतील. पहिले एकटे करणे अन्यायाचे होईल.

नवी औषधे येत आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीने शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टम या रेणूवर आधारलेल्या इंजेक्शनाला मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मुंबईच्या वोक्हार्टने सेफेपिम-झिडेबॅक्टम या जोडऔषधाच्या चाचण्या अशाच रुग्णांवर केल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले जेपोटिडासिन हे साध्या संसर्गासाठीचे, तोंडाने घ्यायचे, नव्या वर्गातले औषध जवळपास तीस वर्षांनी आले. ही औषधे मोठ्या रुग्णालयांतल्या, इतर सर्व पर्याय संपलेल्या रुग्णांसाठी मोलाची आहेत. धानोरा किंवा जिवतीच्या आरोग्य केंद्रात येणाऱ्या बाईला त्यांची गरज पडू नये, एवढे जमले तरी पुष्कळ.

लघवीला आग होत असेल तर आधी भरपूर पाणी प्यावे. एक-दोन दिवसांत कमी झाली नाही, किंवा ताप, कुशीत दुखणे, उलटी, लघवीत रक्त यांपैकी काही असेल, तर थांबू नये. गर्भवती, मधुमेही, सिकलसेलचे रुग्ण आणि लहान मुले यांना पहिल्याच दिवशी दाखवावे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. पांढरे जात असेल तर तेही सांगावे, नर्सताईंना सांगितले तरी चालते. त्रास वारंवार होत असेल तर पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्यावा, कारण गोळीनंतरच्या नमुन्यात जंतू अनेकदा उगवत नाहीत आणि अहवाल फसवतो. कल्चरचा कागद हाती आला की तो आधार कार्डासोबत जपून ठेवावा. पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात तो दाखवला तर डॉक्टरला कोणते औषध टाळायचे ते दोन दिवस न थांबता कळते.